‘ते येस-नो विचारणं बंद करून द्या’ असं सांगण्याआधी

घरचा पीसी दुरुस्तीला आला की तक्रारींच्या यादीत शेवटची ओळ ठरलेली असते: “आणि ते सारखं येस-नो विचारतं ना, तेवढं बंद करून टाका.” आम्ही ते बंद करत नाही. काहींना हा आमचा हट्ट वाटतो, म्हणून कारण लिहून ठेवतो.

ही विचारणा म्हणजे विंडोजचं यूजर अकाउंट कंट्रोल, म्हणजेच यूएसी. व्हिस्टात ते खरोखर उठसूट विचारायचं. त्याची बदनामी तेव्हाची आहे. विंडोज ७पासून त्याला चार पायऱ्यांची पट्टी आली. नवीन मशीनवर ती वरून दुसऱ्या पायरीवर असते. तिथे विंडोजच्या बहुतेक सेटिंग तुम्ही बदलल्यात तरी खिडकी येत नाही. एखाद्या प्रोग्रामने अ‍ॅडमिनचे, म्हणजे संपूर्ण मशीनमध्ये बदल करण्याचे, अधिकार मागितले तरच येते. ब्राउझर, वर्ड, व्हिडिओ यांत दिवस घालवला तर ती एकदाही दिसू नये. रोज दिसत असेल, तर कुठलातरी एकच प्रोग्राम रोज ते अधिकार मागतोय. तो कोणता, हे खिडकीतच लिहिलेलं असतं: वर नाव, खाली पब्लिशर. ‘शो मोअर डिटेल्स’ दाबलं की फाइल कुठल्या फोल्डरमधली आहे तेही दिसतं. खिडकीतला रंगीत पट्टा निळा म्हणजे डिजिटल सही तपासलेला पब्लिशर. पिवळा आणि ‘अननोन’ म्हणजे फाइलला खात्रीची सही नाही. डाउनलोड्स किंवा टेम्प फोल्डरमधून पिवळी खिडकी आली आणि आपण काही इन्स्टॉल करत नव्हतो, तर ‘नो’. इतकं वाचायला पाच सेकंद लागतात.

आता ज्यात आमचे आणि तुमचे सगळ्यात जास्त तास जातात ती गोष्ट. जुनी हिशोबाची, बिलिंगची, सोसायटीच्या मेंटेनन्सची सॉफ्टवेअरं डेटा स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये (विंडोज सॉफ्टवेअर जिथे टाकतं त्या फोल्डरमध्ये) लिहायला जातात. यूएसी चालू असताना साध्या प्रोग्रामला तिथे लिहिता येत नाही. मग जुन्या ३२-बिट प्रोग्रामच्या बाबतीत विंडोज गुपचूप एक सोय करतं: लिहिलेलं दुसरीकडे वळवतं. जागा अशी: सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमच्या खात्याचं नाव, अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर. प्रोग्रामला वाटतं डेटा आपल्याच फोल्डरमध्ये आहे. वर्षानुवर्षं असंच चालतं, कुणाला पत्ता नसतो.

मग कुणीतरी व्हिडिओ बघून रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या) ‘एनेबल एलयूए’चा १ काढून ० करतं, म्हणजे यूएसी पूर्ण बंद करतं, आणि मशीन रीस्टार्ट करतं. किंवा तो प्रोग्राम ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडतं. दोन्ही वेळा वळवणं थांबतं. प्रोग्राम थेट प्रोग्राम फाइल्समधली मूळ फाइल उघडतो, आणि तीत इन्स्टॉल केल्या दिवसाचा कोरा किंवा खूप जुना डेटा असतो. “नोंदी गेल्या!” म्हणून धावपळ होते. नोंदी गेलेल्या नसतात, व्हर्च्युअलस्टोअरमध्ये पडून असतात. खरं नुकसान पुढे होतं: घाबरून लोक त्या कोऱ्या फाइलमध्येच नव्याने नोंदी सुरू करतात. आठवड्याने एकाच हिशोबाच्या दोन वह्या झालेल्या असतात, बिल क्रमांक एकमेकांवर चढलेले, आणि त्या जुळवणं हे हातानेच करायचं काम. तुम्ही पेन ड्राइव्हवर घेतलेला बॅकअपही प्रोग्राम फाइल्समधलाच असेल, तर त्यात चालू डेटा कधी आलेलाच नसतो. हे एकदा तपासून बघाच.

असं झालं तर एकही नवी नोंद करू नका, सॉफ्टवेअर काढून परत टाकू नका. प्रोग्राम बंद करून दोन्ही फोल्डरची वेगवेगळी कॉपी करा. अ‍ॅपडेटा दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू करा. या अवस्थेत मशीन आलं तर काम सहसा लवकर उरकतं.

कायमचा इलाज सोपा आहे. असलं सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्सबाहेर, सी किंवा डी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करून टाकायचं आणि डेटा तिथे हलवायचा. बहुतेक वेळा खिडकी येणं तिथेच थांबतं. मशीन चालू होताना दरवेळी परवानगी मागणारं एखादं युटिलिटी असेल, तर टास्क शेड्यूलरमध्ये ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ लावून फक्त त्या एकाला सूट देता येते. जीएसटी पोर्टलवर सही करायला लागणारा एमसाइनर अ‍ॅडमिन म्हणूनच चालवायचा असतो. तिथे ‘येस’ दाबा आणि पुढे चला. ही सगळी मांडणी आम्ही करून देतो, साधारण अर्ध्या तासाचं काम. आमच्याकडून घेतलेल्या मशीनला त्याचे पैसे लागत नाहीत.

पट्टी स्वतः बघायची असेल तर स्टार्टमध्ये यूएसी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करा. वरून तिसरी पायरी लावली तर स्क्रीन काळवंडत नाही, म्हणून ती लोकांना आवडते. पण काळवंडलेल्या स्क्रीनवर दुसरा प्रोग्राम तुमच्या वतीने ‘येस’ दाबू शकत नाही, खरा उपयोग तोच. सगळ्यात खालच्या पायरीवर कुठल्याही प्रोग्रामला न विचारता अधिकार मिळतात.

यूएसी म्हणजे अँटिव्हायरस नव्हे, हेही सांगायला हवं. तुमचे फोटो आणि एक्सेल फाइली लॉक करणाऱ्या रॅन्समवेअरला त्यासाठी परवानगी लागतच नाही. मात्र विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती पुसायला ती लागते, आणि फाइली परत मिळण्याची थोडीफार आशा त्या प्रतींवरच असते.

फोनवरून एनीडेस्क (दुरून तुमची स्क्रीन बघायचं आणि मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला लावणाऱ्या भामट्यांबद्दल एकच: काळवंडलेल्या स्क्रीनवरची ही खिडकी समोरच्याला सहसा दिसत नाही, म्हणून तो तोंडाने “आता येस दाबा” सांगतो. तिथेच नेट तोडा. पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, मग आम्ही.

नवीन मशीन देताना आम्ही दोन खाती करतो: रोजचं साधं आणि एक अ‍ॅडमिन, ज्याचा पासवर्ड बंद पाकिटात मिळतो. “आमच्याच मशीनला आम्हाला पासवर्ड?” अशी कुरकूर होते. पण मुलांनी गेमचा क्रॅक टाकायला घेतला की पासवर्ड मागितला जातो आणि बेत तिथेच बारगळतो. घरी स्वतः हे करणार असाल तर आधी दुसरं अ‍ॅडमिन खातं तयार करा, त्यात एकदा लॉगिन करून बघा, मगच आपलं खातं साधं करा. उलट क्रमाने केलं आणि अ‍ॅडमिन कुणी उरलाच नाही, तर खिडकीत ‘येस’ दाबताच येत नाही.

मशीन आणताना चार्जर, पाकिटातला पासवर्ड, आणि ड्राइव्ह एन्क्रिप्ट (बिटलॉकरने कुलूपबंद) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की सोबत आणा. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ती आमच्याकडे नसते.