‘हील कोण घेतंय?’ : एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

६ डिसेंबर २०२४, शुक्रवार, पहाटेचे साडेपाच. मी इंदिरानगरला बहिणीकडे मुक्कामाला होतो. डिसेंबरातली नाशिकची थंडी, गोधडीतून हात बाहेर काढायचा तरी जिवावर येतं. पण शेजारच्या खोलीत दिवा लागलेला. भाचा कानटोपी घालून कॉम्प्युटरसमोर बसला होता. मार्व्हलच्या सुपरहिरोंचा ‘मार्व्हल रायव्हल्स’ हा नवा गेम जगभर एकाच वेळी सुरू होणार होता आणि ती वेळ आपल्याकडे नेमकी साडेपाचची निघाली होती. डिस्कवर ७० जीबी जागा मागणारा गेम, घरची लाइन चाळीस एमबीपीएसची. डाउनलोड उरकेपर्यंत दहा वाजले, कॉलेज बुडालं, आणि गेम उघडल्यावर तो आणखी काही मिनिटं ‘शेडर कंपाइल’, म्हणजे चित्रं दाखवायची पूर्वतयारी, करत बसला. तोवर बहिणीने दोनदा पोहे गरम केले.

पहिली मॅच सुरू झाली. सहा विरुद्ध सहा. आपल्या बाजूच्या सहा जणांनी काय घेतलं? स्पायडर-मॅन, आयर्न मॅन, वुल्व्हरिन, पनिशर, स्टॉर्म, हॉकआय. सहाही मारणारे. पुढे उभा राहून मार झेलणारा एक नाही, बाकीच्यांना बरं करणारा एक नाही. हेडफोनमधून कुणीतरी ओरडत होतं, ‘भाई, कोई तो हीलर लो!’ भाचा मराठीत पुटपुटला, ‘हील कोण घेतंय?’ कुणीच घेतलं नाही. मॅच गेली.

गेम नवा, भांडण जुनं. त्याचा माग काढत गेलं की १९९६ पर्यंत पोचतो. माझ्यापुरतं म्हणाल तर थोडं आधीच.

कारण मला आठवलं ते नाशिकरोडचं व्हिडिओ गेम पार्लर. पत्र्याचं शेड, आत चार-पाच मशिनी, एका कॉइनला एक रुपया. तिथे कॅपकॉमचा १९९३ चा ‘पनिशर’ होता. हाच पनिशर, जो आज भाच्याच्या स्क्रीनवर आहे. दोघांनी खेळायचं: एक पनिशर, दुसरा निक फ्युरी. शेजारच्या मशीनवर त्याच कंपनीचा, त्याच वर्षीचा डायनासोरवाला गेम. त्याला खऱ्या नावाने कुणी ओळखत नव्हतं, सगळ्यांच्या तोंडी ‘मुस्तफा’. या दोन्ही गेममध्ये पिंप फोडलं की खाण्याची वस्तू पडायची आणि ती उचलणाऱ्याची लाइफ वाढायची. दोघांचीही लाइफ संपत आलेली असताना ती कुणी उचलायची? यावरून मशीनसमोर हातघाई व्हायची, आणि बहुतेक वेळा जो मोठा असेल किंवा ज्याचा रुपया असेल तो उचलायचा. दुसऱ्याला बरं करणं हे काम तेव्हा नव्हतंच. फक्त उचललं नाही एवढाच उपकार.

ते काम म्हणून आलं १९९६ मध्ये. त्या वर्षी जूनमध्ये ‘क्वेक’ हा नेमबाजीचा गेम आला. त्याची खासियत ही की लोकांना त्यात स्वतःचे बदल करता येत. असा बदल म्हणजे मॉड. रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयान कॉघली या ऑस्ट्रेलियातल्या तिघांनी त्याच वर्षी ‘टीम फोर्ट्रेस’ नावाचा मॉड काढला. क्वेकमध्ये सगळे खेळाडू सारखेच. ज्याला जी बंदूक सापडेल ती त्याची. या तिघांनी खेळाडूला विचारलं, तू कोण? स्काउट म्हणजे पळणारा, स्नायपर म्हणजे लांबून टिपणारा, आणि मेडिक. मेडिकचं हत्यार सोबत्याला लावलं तर तो बरा व्हायचा आणि शत्रूला लावलं तर त्याला संसर्ग व्हायचा. वेगवेगळ्या कामांची वेगवेगळी माणसं एका संघात आणि त्यांच्यावाचून संघाचं अडणार, ही कल्पना नेमबाजीच्या खेळात इथे पक्की झाली. पुढे व्हॉल्व्ह कंपनीने या मंडळींना आपल्याकडे घेतलं आणि ऑक्टोबर २००७ मध्ये ‘टीम फोर्ट्रेस २’ आला. नऊ पात्रं, प्रत्येकाची सावली पाहूनच ओळखू यावा असा आकार, प्रत्येकाची बोलण्याची तऱ्हा. बंदुकीला चेहरा मिळाला तो इथे.

पण मेडिक कुणी घेईना. व्हॉल्व्हने एप्रिल २००८ मध्ये त्यावर जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात गमतीचं प्रकरण वाटतं. नवीन हत्यारं द्यायची ठरली तेव्हा त्यांनी पहिला नंबर मेडिकचा लावला, म्हणजे निदान त्या आमिषाने तरी लोक तो घेतील. घेतला! इतका घेतला की अपडेट आल्यावर सर्व्हरच्या सर्व्हर मेडिकने भरले. एकमेकांना बरं करणारे डॉक्टर आणि जखमी व्हायला कुणीच नाही. त्याच अपडेटमध्ये गाडी ढकलत न्यायचा खेळप्रकारही आला. आज ‘मार्व्हल रायव्हल्स’मध्ये ‘कॉन्व्हॉय’ म्हणून जो आहे तो त्याचाच वंशज.

दुसरी धार आली ती तलवार-जादूच्या ऑनलाइन दुनियेतून. १९९९ चा ‘एव्हरक्वेस्ट’, २००४ चा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. तिथे एक जण राक्षसाचा मार खातो, एक जण त्याला जिवंत ठेवतो, बाकीचे राक्षसाला मारतात. टँक, हीलर, डीपीएस. हे शब्द आपल्याकडची पोरं आता मराठी वाक्यात इतक्या सहज वापरतात की ‘तू टँक घे ना’ हे मला परवा पाण्याच्या टाकीबद्दल वाटलं होतं.

या दोन्ही धारा ‘ओव्हरवॉच’मध्ये मिळाल्या. ब्लिझार्ड कंपनी ‘टायटन’ नावाचा प्रचंड ऑनलाइन गेम वर्षानुवर्षं बांधत होती. तो जमेना. २०१४ मध्ये तो रद्द केल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि उरलेल्या सामानातून ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’वर काम केलेल्या जेफ कॅप्लनच्या हाताखाली ‘ओव्हरवॉच’ उभा राहिला. २४ मे २०१६, २१ पात्रं, सहा विरुद्ध सहा. त्याने हीलरची प्रतिष्ठा वाढवली. पंख लावलेली हीलर मर्सी त्या गेमच्या ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक झाली. तरी भांडण मिटलं नाही, उलट फिरलं. मुरलेल्या संघांनी शोधून काढलं की तीन टँक आणि तीन हीलर घेतले की समोरचा आपल्याला मारूच शकत नाही. बघायला महाकंटाळवाणं. शेवटी २०१९ मध्ये कंपनीने नियमच घातला: दोन टँक, दोन मारणारे, दोन हीलर, रांगेत उभं राहतानाच काम सांगा. मग टँक घ्यायला माणसं मिळेनात आणि मारायला आलेल्यांची रांग लांबत गेली. ४ ऑक्टोबर २०२२ ला ‘ओव्हरवॉच २’ आला तेव्हा गेम फुकट झाला होता आणि एक टँक काढून पाच विरुद्ध पाच केला होता. माझ्या मते त्या दिवशी टीम फोर्ट्रेसपासून चालत आलेली गर्दीतली मजा थोडी मेली.

मधल्या काळात नक्कल करणारे पुष्कळ आले आणि गेले. ‘बॅटलबॉर्न’ ओव्हरवॉचच्या तीन आठवडे आधी आला. २०२१ मध्ये सर्व्हर बंद. ‘लॉब्रेकर्स’ २०१७ चा, पुढच्या वर्षी बंद. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला ४० डॉलरला आला आणि ६ सप्टेंबरला उतरवला. दोन आठवडे. आमच्याकडे गणपती बसायच्या आदल्या दिवशी तो विसर्जित झाला.

हे सगळं घडत असताना नाशिकची पोरं कुठे होती? कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत, ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळत. तासाचे वीस रुपये, एका सीडीवरून आठ मशिनींवर चढवलेला गेम, आणि दारावर ‘चपला बाहेर काढा’. ‘ओव्हरवॉच’ विकत घ्यावा लागायचा आणि मशीनही बऱ्यापैकी लागायचं, म्हणून तो आमच्या वर्तुळात कधी शिरलाच नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये हील नाही. लागलेली गोळी लागलीच, पुढच्या राउंडपर्यंत. त्यानंतर मोबाइलवर पबजी आला. तिथे मलमपट्टी आहे, पण ज्याची त्याने करायची, झुडपात बसून. माझं मत आहे की भाच्याच्या पिढीला दुसऱ्याला बरं करण्याची सवय नाही याचं मूळ इथे आहे. स्वभावाचा दोष म्हणू नका, हाताला वळणच तसं लागलं.

पबजीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, जी फारशी कुणाच्या लक्षात नाही. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ चिनी ॲप्सवर बंदी घातली. बातमी झाली ती पबजीची. पण त्या यादीत ‘मार्व्हल सुपर वॉर’ही होता: मार्व्हलचीच पात्रं, पाच विरुद्ध पाच, मोबाइलवर, आणि करणारी कंपनी नेटईझ. तीच, जिने चार वर्षांनी ‘मार्व्हल रायव्हल्स’ आणला. म्हणजे सुपरहिरोंचे संघ करून लढवण्याचा सराव या कंपनीने आधीच केला होता, आणि तो सराव आपल्याकडून अर्ध्यात काढून घेतला गेला होता.

नेटईझची दुसरी ओळख म्हणजे चीनमध्ये ब्लिझार्डचे गेम चालवणारी हीच कंपनी होती. ‘ओव्हरवॉच’सुद्धा. करार फिसकटला आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथले सर्व्हर बंद पडले. २७ मार्च २०२४ ला नेटईझने ‘मार्व्हल रायव्हल्स’ जाहीर केला, आणि दोन आठवड्यांत ब्लिझार्डशी पुन्हा जुळवून घेतल्याचंही जाहीर झालं. एकाच ताटात दोन्ही पोळ्या. पहिल्या तीन दिवसांत एक कोटी लोकांनी गेम खेळून पाहिला. फुकट होता हे एक, पण स्पायडर-मॅन कोण हे कुणाला सांगावं लागत नाही हे खरं कारण. ‘कॉन्कॉर्ड’मधल्या एकाही पात्राचं नाव तुम्हाला आठवतंय का?

आता गेमकडे. सुरुवातीला ३३ पात्रं. त्यांची मी बोटांवर मोजदाद केली: पुढे उभे राहणारे ‘व्हॅनगार्ड’ ८, मारणारे ‘ड्युएलिस्ट’ १८, सांभाळणारे ‘स्ट्रॅटेजिस्ट’ ७. दुकानातच अर्ध्याहून जास्त माल मारणाऱ्यांचा, मग गिऱ्हाईक दुसरं काय उचलणार? शिवाय ओव्हरवॉचसारखा कामाचा नियम नाही. सहाही स्पायडर-मॅनसारखे उड्या मारणारे चालतील, हरलात तर तुमचं तुम्ही बघा.

तरी कंपनीने एक शहाणपणा केलाय. सांभाळणाऱ्यांमध्ये डॉक्टरछाप कुणी ठेवलेलंच नाही. लोकी आहे, जो आपल्याच प्रतिकृती उभ्या करून फसवतो. लुना स्नो आहे, कोरियन पॉप गायिका. ती मुळात मार्व्हलच्या एका मोबाइल गेमसाठी जन्माला आली आणि मग कॉमिक्समध्ये गेली. आणि जेफ, जमिनीवर चालणारं शार्कचं पिल्लू, कॉमिक्समधलं. तो ऐन वेळी जमिनीखालून येऊन समोरचा अख्खा संघ गिळतो आणि कड्यावरून खाली थुंकतो. व्हॉल्व्हने २००८ मध्ये हत्यारांचं आमिष दाखवलं होतं, नेटईझने खोडीचं दाखवलं. शिवाय ‘टीम-अप’: सुरुवातीला ग्रूटच्या खांद्यावर रॉकेट रकून बसू शकायचा, रॉकेट पनिशरला गोळ्या पुरवायचा. जोडीदार असला तरच मिळणारी ताकद. नाशिकरोडच्या पार्लरमध्ये हे असतं तर आमची निम्मी भांडणं वाचली असती.

फटफजितीही झाली. महिन्याच्या आत लोकांनी शोधलं की मशीन मंद असेल, फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी येत असतील, तर काही पात्रांचा मारही कमी बसतो. कंपनीने ते मान्य केलं. भाच्याचं ग्राफिक कार्ड सहा वर्षांचं, कॉलेज रोडच्याच एका दुकानातून सेकंडहँड घेतलेलं. त्याला ही बातमी कळली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी कधी विसरणार नाही. इतके दिवस हरत होतो ते माझ्यामुळे नाही, असं त्याने घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं. आजीलासुद्धा.

१० जानेवारी २०२५ ला पहिला सीझन सुरू झाला आणि फँटॅस्टिक फोरमधले दोघे आधी आले: मिस्टर फँटॅस्टिक आणि इन्व्हिजिबल वुमन. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ही चौकडी १९६१ मध्ये आणली तेव्हा इन्व्हिजिबल वुमन ही ‘इन्व्हिजिबल गर्ल’ होती आणि तिला फक्त अदृश्य होता यायचं. म्हणजे संकट आलं की दिसेनासं व्हायचं, एवढीच कामगिरी. दुसऱ्यांभोवती न दिसणारी ढाल उभी करण्याची ताकद तिला १९६४ च्या अंकात मिळाली आणि ‘वुमन’ व्हायला १९८५ उजाडलं. गेममध्ये ती स्ट्रॅटेजिस्ट आहे. ढाल धरते, बरं करते, आणि जवळ आलेल्याला ढकलून देते.

संक्रांतीला भाची पुण्याहून आली होती. ती त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, कॉलेजात असताना ढोल पथकात ताशा वाजवायची. गच्चीवर पतंगांचा धुमाकूळ आणि ही दोघं खाली अंधार करून बसलेली. शेजारून आणलेल्या लॅपटॉपवर तिने इन्व्हिजिबल वुमन घेतली. तो अर्थातच स्पायडर-मॅन. तीन मिनिटांत तो चार वेळा मेला.

‘ताई, हील! हील दे ना!’

‘देते. तू आधी माझ्या नजरेच्या टप्प्यात ये,’ ती म्हणाली, आणि स्क्रीनवरची नजर न काढता तिळाच्या वडीसाठी हात पुढे केला. वडी मी दिली.