टाच रोवायची ती चिखलात, काईवर नाही

पावसाळ्यात पाताळपाणी, तिंछाच्या धबधब्यांवर किंवा जानापावच्या डोंगरावर निघालेल्या माणसाला इंदुरात हमखास ऐकायला मिळतं: "फिसलन असेल, ग्रिपचे बूट घाल आणि टाच रोवून उतर." घोळ त्या 'फिसलन' शब्दातच आहे. आपल्याकडे पाय घसरतो तो काळ्या मातीच्या चिखलात आणि खडकावरच्या काईवर, म्हणजे शेवाळावर. चिखलात जे सावरतं तेच काईवर पाडतं.

चिखल माळव्यातल्या माणसाला शिकवायला नको. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि बुटाला थापत जाते. तळाच्या खाचा पाच-सहा मिलिमीटर खोल आणि एकमेकींपासून लांब असल्या की ती झडते. गाडवाटेच्या मधून न जाता कडेच्या गवतावरून चालावं. उतारावर टाच मातीत घुसते, पाय थांबतो. इथे तो सल्ला अगदी बरोबर.

काईखाली मात्र बेसॉल्टचा खडक असतो, त्यात टाच घुसणार कुठे? सगळं वजन बुटाच्या मागच्या कडेवर येतं, ती कडा बुळबुळीत थरावर तिरकी टेकलेली असते, आणि पाय पुढे निसटतो. चिखलात पाय सरकत जातो, सावरायला क्षणभर तरी मिळतो. काईवर माणूस थेट पाठीवर किंवा मनगटावर आपटतो. म्हणून इथे अख्खा तळवा एकदम सपाट टेकवायचा, पाऊल वीतभराचं टाकायचं, आधी दाबून बघायचं आणि मगच वजन टाकायचं. भीतीने अंग मागे जातं, तेच नको. वजन पायाच्या बरोबर वर हवं.

बुटांचंही तसंच. खोल खाचांचं कडक रबर खडकाला कमी जागी टेकतं, म्हणून 'ग्रिपचे' बूट इथे दगा देतात. मऊ रबराचा, बारीक खाचांचा तळ बरा. गमबूट शेतासाठी ठेवा, धबधब्याच्या खडकावर मुळीच नकोत. बुटावरून जुना जाड मोजा चढवला तर फरक पडतो, कारण धागे बुळबुळीत थरातून खडकापर्यंत पोचतात. नदीत उभं राहून मासे धरणाऱ्यांच्या बुटांना नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीसारख्या धाग्यांचे तळ लावतात ते याच कारणाने.

काई हिरवीच दिसेल असं धरून चालू नका. काळ्या खडकावर पातळ थर काळाच दिसतो, फक्त चकाकतो. सावलीत जिथे पाणी पातळ झिरपत असतं तिथे आणि घाटाच्या पायऱ्यांवर तो असतोच. काठीच्या टोकाने खरवडा. गुळगुळीत लगदा निघाला तर दुसरी जागा बघा. धबधब्याच्या काठाशी तर कुठल्याच तळावर भरवसा ठेवू नये.

छत्री की रेनकोट हा वादच नको. हात मोकळे हवेत, रेनकोट घ्या.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे चिखलाची वाट संपून खडक लागतो ती. तिथे मातीने भरलेला तळ काईवर पडतो. आधी थांबा, तळ गवतावर घासा, खाचांतली माती काडीने काढा, आणि पहिलं पाऊल सपाट ठेवा.