ओळंबा, काठी आणि कार्बनची फ्रेम

गेल्या महिन्यात एका मित्राने सायकलच्या फ्रेमच्या जाहिरातीचा फोटो पाठवला. ‘टी-१००० कार्बन, वजन फक्त ९५० ग्रॅम, अस्सल सायक्लोक्रॉस जॉमेट्री, खिशाला परवडणारी.’ खाली त्याचा प्रश्न: घेऊन टाकू? मी विचारलं, हेड ट्यूबचा कोन किती, फोर्कचा ऑफसेट किती, बॉटम ब्रॅकेट किती खाली? उत्तर आलं, “फ्रेम घेतोय रे, भूमितीचा पेपर देत नाहीये.”

पण पेपर द्यावाच लागतो. जाहिरातीतल्या चार दाव्यांपैकी चिखलात प्रत्येक वळणावर जाणवणार होती ती जॉमेट्री, म्हणजे फ्रेमचे कोन आणि मापं, आणि नेमका तिच्यापुढे एकही आकडा नव्हता.

आधी सायक्लोक्रॉस म्हणजे काय ते थोडक्यात. ही थंडीतली शर्यत. अडीच-तीन किलोमीटरचा वळणावळणाचा मार्ग आणि त्यावर तासभर फेऱ्या. वाटेत ओलं गवत, वाळू, चिखल, पायऱ्या आणि मुद्दाम आडव्या लावलेल्या, फार तर ४० सेंमी उंचीच्या फळ्या. जमेल तिथे सायकल चालवायची, नाही जमलं तर उडी मारून उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळत सुटायचं. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० साली पॅरिसला झाली. ती जिंकली ज्याँ रोबिकने, म्हणजे १९४७ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या पठ्ठ्यानेच. मोठ्या शर्यतींत टायरची रुंदी ३३ मिलिमीटरच्या वर चालत नाही, हा यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा नियम.

ग्रॅव्हल सायकल दिसायला अगदी अशीच असते. तीच वाकडी मूठ, तेच जाड टायर, तेच डिस्क ब्रेक. पण ती बनलेली असते दिवसभर सरळ, खडबडीत रस्त्यावर आरामात जाण्यासाठी. दोघींमधला फरक फोटोत दिसत नाही, कारण तो एक-दोन अंशांचा आणि दहा-पंधरा मिलिमीटरचा असतो. म्हणूनच एकीच्या अंगावर दुसरीचं नाव चिकटवणं सोपं जातं.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. ट्रेल.

सायकलच्या पुढच्या बाजूला हँडलखाली जी आखूड नळी असते ती हेड ट्यूब. हँडल फिरतं ते या नळीच्या अक्षाभोवती. नळी तिरपी असते, जमिनीशी साधारण ७० ते ७३ अंशांचा कोन करते. हा अक्ष मनातल्या मनात खाली वाढवत न्या. तो जमिनीला एका ठिकाणी टेकेल. टायर जमिनीला टेकतो ती जागा या बिंदूच्या थोडी मागे असते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. सुपरमार्केटमधल्या ढकलगाडीची पुढची चाकं आठवा. गाडी ज्या दिशेला ढकलाल तिकडे ती आपोआप वळतात, कारण चाक खिळीच्या मागे फरफटत येत असतं. सायकलचं पुढचं चाकही तसंच, फक्त फरफट पाच-सात सेंटिमीटरची.

इथे एक गफलत सगळेच करतात. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा काटा. त्याची टोकं पुढे झुकलेली दिसतात, त्यामुळे वाटतं की फोर्क जितका पुढे तितका ट्रेल जास्त. होतं उलटं. फोर्कचा ऑफसेट, म्हणजे चाकाचा आस हँडलच्या अक्षाच्या जितका पुढे असतो ते अंतर, चाकाला अक्षाच्या पुढे नेतो, टायर टेकण्याची जागाही पुढे सरकते आणि ट्रेल कमी होतो. हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे: चाकाच्या त्रिज्येला हेड ट्यूबच्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं, त्यातून ऑफसेट वजा करायचा आणि उत्तराला त्याच कोनाच्या साइनने भागायचं. रिमचा व्यास ६२२ मिमी, टायर ३३चा, म्हणजे त्रिज्या ३४४. कोन ७२ अंश आणि ऑफसेट ४७ धरला तर ट्रेल येतो ६२ मिमी. तोच कोन ७०.५ करा, टायर ४०चा घाला, ऑफसेट ५० धरा. आता ट्रेल ७१. पहिली सायकल सायक्लोक्रॉसची, दुसरी ग्रॅव्हलची.

नऊ मिलिमीटरने असा काय फरक पडतो? तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ आपण सगळ्यांनी खेळलेला आहे. काठी उजवीकडे झुकली की हात उजवीकडे न्यायचा, आधार पुन्हा तिच्याखाली आणायचा. सायकल हेच करते. ती उजवीकडे कलली की ट्रेलमुळे पुढचं चाक आपोआप उजवीकडे वळतं आणि चाकं पुन्हा वजनाखाली येतात. वेगात असताना ट्रेल जास्त असेल तर सायकल शहाण्या बैलासारखी सरळ चालते. पण वेग कमी झाला की त्याच ट्रेलचा दुसरा स्वभाव दिसू लागतो. हँडल वळवलं की सायकलचा पुढचा भाग किंचित खाली बसतो, आणि एकदा बसायला लागला की हँडल आणखी वळायला बघतं. या प्रकाराला व्हील फ्लॉप म्हणतात. ट्रेलला हेड ट्यूबच्या कोनाच्या साइन आणि कोसाइन या दोघांनी गुणलं की त्याचा आकडा मिळतो. वरच्या पहिल्या सायकलचा १८, दुसरीचा २२. म्हणजे पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त फरक. दोन खुंट्यांमधून माणसाच्या चालीने उलटं वळण घेताना हा फरक मनगटात कळतो.

तिसरी गोष्ट चिखलाची. आधीच्या शंभर सायकलींनी पाडलेल्या चाकोरीत पुढचं चाक शिरलं की चाकोरीची कड टायरला बाजूने रेटते. ते बल जमिनीपाशी लागतं आणि हँडल फिरवायला त्याला जो दांडा मिळतो त्याची लांबी साधारण ट्रेलइतकी. दांडा लांब असेल तर हिसका मोठा बसतो. म्हणून सायक्लोक्रॉसला ट्रेल ना रस्त्याच्या शर्यती सायकलीइतका कमी, ना ग्रॅव्हलइतका जास्त. माझ्या मते ६० ते ६७ यांच्या मध्ये कुठेतरी.

सायकल उभी राहते ती भिंगरीसारख्या फिरणाऱ्या चाकांमुळे, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९७० साली याची मजेशीर परीक्षा घेतली. पुढच्या चाकाशेजारी त्याने दुसरं, उलटं फिरणारं चाक बसवलं. भिंगरीचा परिणाम खलास, तरी सायकल आरामात चालवता आली. मग त्याने फोर्क उलटा फिरवून ट्रेल वाढवला, तर ढकलून सोडलेली रिकामी सायकल बराच वेळ पडेना. ट्रेल ऋण केल्यावर, म्हणजे टायर टेकण्याची जागा अक्षाच्या पुढे नेल्यावर मात्र तिच्यावर बसणं म्हणजे कसरत झाली. मी या प्रयोगाच्या प्रेमातच पडलो होतो. पण २०११ साली कॉर्नेल आणि डेल्फ्टच्या संशोधकांनी भिंगरी-परिणाम रद्द केलेली, किंचित ऋण ट्रेलची एक सायकल बनवली आणि तीही आपोआप तोल सांभाळत गेली! पुढच्या भागाचं वजन कुठे आणि किती उंचीवर आहे यालाही मोठा अर्थ आहे, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे ट्रेल हे एकमेव रहस्य नाही. नेहमीच्या घडणीच्या दोन फ्रेम शेजारी ठेवून निवडायच्या असतील तर मात्र एवढ्या कामाचा दुसरा आकडा मला माहीत नाही.

बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांचा आस जिथून जातो ती जागा. ती चाकांच्या आसांच्या रेषेपासून किती खाली आहे त्याला ड्रॉप म्हणतात. जुन्या घडणीच्या सायक्लोक्रॉसमध्ये ड्रॉप ५५ ते ६५ मिमी असतो, ग्रॅव्हलमध्ये सत्तरच्या पुढे. विक्रेते सांगतात, ‘ड्रॉप जास्त, गुरुत्वमध्य खाली, म्हणून सायकल स्थिर.’ ऐकायला किती पटतं! पण स्वार धरून गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर असतो. ड्रॉप ६२ऐवजी ७५ केला तर त्यात १३ मिमीची घट, म्हणजे सव्वा टक्का. शिवाय तळहातावर झाडू उभा धरणं सोपं असतं, पेन्सिल धरणं अवघड. उंच वस्तू सावकाश कलंडते, सावरायला वेळ देते. तेव्हा त्या सव्वा टक्क्याचा जो काही परिणाम होईल तो जाहिरातीच्या उलट दिशेला.

उंच बॉटम ब्रॅकेटचा खरा उपयोग पेडलला. ड्रॉप ६२ असेल तर त्याची उंची २८२ मिमी. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७२.५चा. तेव्हा खाली गेलेलं पेडल जमिनीपासून ११० मिमीवर. पेडलची बाहेरची कड सायकलच्या मध्यापासून साधारण १६५ मिमी दूर धरली आणि जाडी सोडून दिली, तर सायकल साडेतेहेतीस अंश कलल्यावर पेडल जमिनीला लागेल. ड्रॉप ७५ केला तर सव्वातीस अंशांतच. आडव्या उतारावरून जाताना वरच्या बाजूचं पेडल गवतात रुतलं की हे सव्वातीन अंश कुठे गेले ते समजतं.

आता ‘परवडणारी’ आणि ‘कार्बन’ हे दोन शब्द या भूमितीच्या आड कसे येतात ते बघा. स्टीलची फ्रेम जोडणारा कारागीर नळ्या हव्या त्या कोनात कापतो, जिगवर, म्हणजे नळ्या पकडून ठेवणाऱ्या चौकटीवर, बसवतो आणि जोडतो. कोन अर्धा अंश बदलायचा तर जिगचा स्क्रू सैल करायचा. कार्बनमध्ये असं नाही. राळेत भिजवलेले धाग्यांचे पट्टे, शेकडो तुकडे, ठरलेल्या क्रमाने आणि दिशेने हाताने रचायचे, आत फुगा घालून धातूच्या साच्यात दाबायचे आणि भाजायचे. कोन साच्यात कोरलेला असतो. प्रत्येक मापाला वेगळा साचा लागतो, फोर्कला आणखी वेगळा, आणि साचे महाग. मग स्वस्त फ्रेम बनवणारा काटकसर कुठे करणार? साच्यांत. ग्रॅव्हल आणि सायक्लोक्रॉस दोघांना एकच फ्रेम, आणि सगळ्या मापांना एकच फोर्क.

त्या एकाच फोर्कचा परिणाम बघा. लहान मापात पाय पुढच्या चाकाला लागू नये म्हणून हेड ट्यूब जास्त तिरपी करतात, समजा ७०.५ अंश. मोठ्या मापात ७२.५. ऑफसेट दोन्हीकडे ४५. लहान मापाचा ट्रेल येतो ७४, मोठ्याचा ६१. नाव तेच, रंग तोच, पण चिखलात दोन वेगळ्या सायकली. उंच माणसाने केलेली स्तुती वाचून बुटक्या माणसाने तीच फ्रेम घेतली तर त्याची फसगत ठरलेली. दोन-तीन ऑफसेटचे फोर्क देणारा निर्माता दिसला की मी त्याच्या बाजूने झुकतो, मग फ्रेम दोनशे ग्रॅम जड का असेना.

आणि ते टी-१०००! ही नावं मूळची टोरे या जपानी कंपनीच्या धाग्यांची. टी-७०० धाग्याचा ताठरपणा २३० गिगापास्कल. टी-८०० आणि टी-१००० या दोघांचा २९४, अगदी सारखा. टी-१००० तुटायला जास्त जोर लागतो, पण तो जास्त ताठ नाही. शिवाय हे आकडे नुसत्या धाग्याचे. राळेत बसवल्यावर धाग्याच्या दिशेने ताठरपणा निम्म्याच्या आसपास येतो आणि आडव्या दिशेने त्याचा पंधरावा भागही उरत नाही. पेडल मारताना फ्रेमला पीळ बसतो, त्यासाठी तिरपे, ४५ अंशांत रचलेले थर लागतात. ते किती आहेत, नीट दाबले गेलेत का, वळणात राळ साचली आहे का, हे स्टिकर सांगत नाही. वरून दिसणारी चौकडीची वीण तर बहुतेक वेळा निव्वळ शोभेची. हातात अंगठी घालून ग्रह वळवणं आणि फ्रेमवर टी-१००० चिकटवून डोंगर चढणं यांत मला फारसा फरक दिसत नाही. सायकलींच्या सुरक्षिततेच्या आयएसओ ४२१० या मानकात पेडलच्या जोराचे एक लाख हेलकावे फ्रेमला सोसावे लागतात. ती चाचणी झाली आहे का, हे विचारलेलं बरं.

बाकी गोष्टी डोळ्यांनी दिसतात. ३३च्या टायरच्या दोन्ही बाजूंना चिखलासाठी निदान सहा-सात मिमी मोकळी जागा हवी. खांद्यावर घ्यायला पुढचा त्रिकोण मोठा हवा. टॉप ट्यूबची, म्हणजे वरच्या आडव्या नळीची, खालची बाजू सपाट आणि तिथे केबल नको, नाहीतर दहाव्या मिनिटाला खांदा बोलू लागतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. दोन वर्षांपूर्वी मी ‘अस्सल सायक्लोक्रॉस’ म्हणून एक जुनी कार्बन फ्रेम घेतली. पहिल्याच दिवशी वळणात हँडल हातातून निसटल्यासारखं आत पडायला लागलं. दोष मी माझ्या मनगटांना दिला. महिन्याभराने घरी सायकल सरळ उभी केली, हेड ट्यूबच्या बाजूला तिच्याशी समांतर एक सरळ काठी धरली आणि ती जमिनीला जिथे टेकली तिथे खडूची खूण केली. पुढच्या आसापासून ओळंबा सोडला, तिथे दुसरी खूण. मधलं अंतर बहात्तर मिलिमीटर. फोनमधल्या कोनमापकाने हेड ट्यूब ७०.८ अंश दाखवली. फोर्कच्या दांड्यावर ४५ लिहिलेलं होतं. सूत्रात घातलं, बरोबर बहात्तर. ड्रॉप निघाला ७५. फरशीवरच्या त्या दोन खुणा मी बरेच दिवस पुसल्या नाहीत.

मित्राला मी हीच कृती लिहून पाठवली. जाहिरातीतली फ्रेम पाहायला तो स्वतः गेला. संध्याकाळी फोटो आला: ओळंब्याच्या दोरीऐवजी बुटाची नाडी, वजनाच्या जागी सायकलचं कुलूप, आणि फरशीवर पेनाने मारलेल्या दोन रेघा. खाली लिहिलं होतं, “त्र्याहत्तर. नाही घेतली. शेजारी एक ॲल्युमिनियमची होती, तिचा त्रेसष्ट आलाय. रंग मात्र भयंकर आहे, काय करू?”