वनस्पतीच्या धाग्यांचे डबे: खरी अडचण तेलाची

उसाच्या चिपाडापासून किंवा बांबूपासून केलेले पार्सलचे डबे नवलाईचे म्हणून विकले जातात. तंत्र मात्र शतकभर जुने आहे. अमेरिकेतील मेन राज्यात मार्टिन कीज यांनी लाकडाच्या लगद्यापासून ताटल्या घडवणारे यंत्र बनवले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कारखाना काढला. लगदा पाण्यात कालवायचा, जाळीच्या साच्यावर निर्वाताने ओढून घ्यायचा, दाबायचा, वाळवायचा. आजही मुळात हेच चालते. फरक पडला तो कच्च्या मालात. साखर कारखान्यात एरवी बॉयलरमध्ये जळणाऱ्या चिपाडाला नवा धंदा मिळाला.

मग हे डबे मागे का पडले? धागा तेल पितो म्हणून. गरम, तेलकट पदार्थ भरला की बूड मऊ पडते. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेला पॉलिस्टायरीनचा फोम, म्हणजे थर्माकोलसारखा फुगवलेला प्लास्टिक, स्वस्त, हलका आणि तेलाला दाद न देणारा होता, त्यामुळे पार्सलचा बाजार त्यानेच खाल्ला. कचऱ्यात तो वर्षानुवर्षे तसाच राहतो, हे पुढे खुपू लागले. मॅकडोनाल्ड्सने १९९० मध्ये अमेरिकेत बर्गरचे फोमचे डबे बंद करत असल्याचे जाहीर केले. चीनने १९९९ मध्ये फोमच्या भांड्यांवर बंदी घातली आणि २०१३ मध्ये उठवलीही! युरोपीय संघाची बंदी जुलै २०२१ पासून लागू झाली.

फोम हटला, पण तेल होतेच. आतून प्लास्टिकचा पातळ थर दिला तर डबा नीट कुजत नाही. म्हणून लगद्यातच पीएफएएस गटातील फ्लोरिनयुक्त रसायने मिसळली जाऊ लागली. त्यांतला कार्बन-फ्लोरिन बंध निसर्गात जवळपास तुटतच नाही. म्हणजे डबा कुजून खत होणार आणि रसायन त्या खतातून शेतात जाणार. पर्यावरणाच्या नावावर खपणाऱ्या मालाची याहून मोठी थट्टा कोणती! अमेरिकेतील प्रमाणन संस्था बीपीआयने २०२० पासून एकूण फ्लोरिन १०० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत शंभर) जास्त असलेल्या मालाला ‘कंपोस्टेबल’, म्हणजे कुजून खत होणारा, असा शिक्का देणे थांबवले. डेन्मार्कने त्याच वर्षी कागदी खाद्यवेष्टनांत ही रसायने वापरण्यास मनाई केली. तेलरोधक म्हणून वापरली जाणारी अशी रसायने आता अमेरिकी बाजारात विकली जात नाहीत, असे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले.

‘कंपोस्टेबल’ या शिक्क्याचीही मर्यादा आहे. ईएन १३४३२ या युरोपीय मानकानुसार बारा आठवड्यांनंतर दोन मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त तुकडे उरता कामा नयेत. ही परीक्षा औद्योगिक खतप्रकल्पाच्या उष्णतेतली आहे. परसातल्या खड्ड्याला ती लागू नाही. प्रकल्पवाल्यांनाही हा माल नकोसा वाटू शकतो: अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या खत उत्पादकांनी २०१९ मध्ये असे डबे पाठवू नका, असे उघड सांगितले. त्यांच्या तक्रारीत न कुजणारे तुकडे आणि रसायने ही दोन्ही कारणे होती.