पार्श्वभूमी : मूळ खेळाला मागे टाकणारे दुसरे भाग

विदर्भातल्या कापसाच्या पट्ट्यात ‘फरदड’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. हंगाम संपला तरी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडे, उपटायच्या नाहीत, त्यांनाच पुन्हा पाणी आणि थोडे खत द्यायचे आणि येईल तेवढा कापूस वेचून घ्यायचा, असा हा प्रकार. यात खर्च कमी लागतो आणि चार पैसे सुटतात. पण कापसाची प्रत घसरते आणि गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, म्हणून फरदड घेऊ नये असे कृषी विभाग वारंवार बजावतो. गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग आला की प्रेक्षक त्याच्याकडे साधारण याच संशयाने पाहतात. व्हिडिओ गेमच्या इतिहासात मात्र दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस ठरल्याची उदाहरणे इतकी आहेत की, तो अपवाद मानता येत नाही. त्याची कारणे निर्मात्यांच्या प्रतिभेत जेवढी आहेत, तेवढीच, किंबहुना काकणभर अधिक, हे खेळ बनतात कसे आणि खेळले जातात कसे यात आहेत.

पहिले ठळक उदाहरण मूळ निर्मात्याच्या हातून घडलेच नाही. जपानच्या नामको कंपनीचा ‘पॅक-मॅन’ हा नाणे टाकून खेळायचा, चक्रव्यूहात भुतांना चुकवत पळण्याचा खेळ 1980 मध्ये आला आणि अमेरिकेत मिडवे कंपनीने तो गावोगावच्या दुकानांत पोहोचवला. त्यात चक्रव्यूह एकच होता आणि भुतांच्या हालचाली ठरलेल्या होत्या. त्यामुळे मुरलेले खेळाडू वळणांचा क्रम पाठ करून एका नाण्यावर तासन्‌तास खेळू लागले आणि यंत्र विकत घेतलेल्या दुकानदाराची कमाई आटू लागली. त्याच सुमारास एमआयटीतून बाहेर पडलेल्या काही तरुणांची जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ही कंपनी, जुन्या यंत्रात जोडता येईल आणि खेळ बदलून टाकील, अशा सर्किटच्या सुट्या पाट्या बनवून विकत होती. ‘मिसाइल कमांड’साठी त्यांनी बनवलेल्या अशाच एका पाटीवरून त्या खेळाची मूळ कंपनी अटारीने त्यांना न्यायालयात खेचले. शेवटी तडजोड झाली आणि मूळ कंपनीच्या संमतीशिवाय अशी पाटी विकायची नाही, असे ठरले. म्हणून पॅक-मॅनवर बेतलेला आपला नवा खेळ घेऊन ते थेट मिडवेकडे गेले आणि 1982 मध्ये ‘मिस पॅक-मॅन’ बाजारात आला. त्यात एकाऐवजी चार चक्रव्यूह होते, फळे एका जागी न थांबता फिरू लागली होती आणि भुतांच्या चालीत अनिश्चितता आल्याने पाठांतर निरुपयोगी झाले होते. लोक पहिला खेळ कसा खेळतात, कुठे पळवाट काढतात आणि कुठे कंटाळतात हे पाहूनच हा दुसरा खेळ रचला गेला होता. कादंबरीकाराला वाचक नेमक्या कोणत्या पानावर पेंगला हे कळत नाही. नाणे टाकून चालणाऱ्या यंत्राच्या गल्ल्यात मात्र ते रोज संध्याकाळी दिसत असे.

फरदडीचे उदाहरणही याच दशकातले आहे. जपानच्या निन्टेंडो कंपनीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ 1985 मध्ये आला आणि त्याचा दुसरा भाग पुढच्याच वर्षी जपानमध्ये निघाला. यंत्रणा तीच, चित्रे जवळपास तीच, फक्त टप्पे अतोनात कठीण केलेले आणि खाल्ल्यावर जीव घेणारी विषारी अळंबी जोडीला. निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेने तो स्वीकारला नाही. 1988 मध्ये तिकडे ‘मारिओ 2’ म्हणून जो खेळ विकला गेला, तो ‘डोकी डोकी पॅनिक’ नावाच्या निराळ्याच जपानी खेळातील पात्रे बदलून तयार केलेला होता. खरी पेरणी झाली ती 1988 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स 3’ मध्ये. टीव्हीला जोडायचे यंत्र तेच, 1983 मधले फॅमिकॉम; पण मूळ मारिओ 40 किलोबाइटमध्ये मावला होता आणि तिसऱ्याच्या कॅसेटमध्ये 384 किलोबाइट होते. फॅमिकॉमला एका वेळी एवढा मजकूर दिसतच नाही, म्हणून कॅसेटमध्येच एक जादा चिप बसवलेली होती. लागेल तो तुकडा ती यंत्रासमोर आणून ठेवी. पहिल्या भागात मारिओला मागे फिरता येत नव्हते, पडद्याबाहेर गेलेली जमीन कायमची गेली. तिसऱ्यात तो मागे फिरतो, वर उडतो, नकाशावर आपली वाट निवडतो. यंत्र जुने राहिले तरी त्याच्याकडून काम कसे काढून घ्यायचे ते कारागिरांना पाच वर्षांत कळले होते.

या 40 किलोबाइटचा आपल्या भागाशी थेट संबंध आला. 1990 च्या दशकात दिग्रस, दारव्हा, वरुड, मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावांत जे ‘टीव्ही गेम’ आले, ते बहुतेक फॅमिकॉमची नक्कल असलेले स्वस्त यंत्र होते. बाजाराच्या दिवशी एखाद्या खोलीत जुना टीव्ही मांडलेला असे, घड्याळ पाहून पैसे घेतले जात आणि पाठीमागे पोट्ट्यांची रांग लागे. कॅसेटवर ‘9999 इन 1’ असे छापलेले असायचे, आत मात्र मोजके दहा-वीस खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा भरलेले. अशा मिश्र कॅसेटमध्ये लहान आणि जादा चिप न लागणारे खेळ भरणे सोपे आणि स्वस्त पडे, म्हणून पहिला मारिओ घरोघरी पोहोचला आणि तिसरा बहुतेकांनी पाहिलाही नाही. त्यातच खेळ जतन करण्याची सोय नव्हती. सातव्या जगापर्यंत पोहोचावे आणि लाइन जावी, मग ती आल्यावर पुन्हा पहिल्या जगातली पहिली वीट.

याच्या नेमका उलट प्रकार ‘स्ट्रीट फायटर’ या मारामारीच्या खेळाचा झाला. त्याचा पहिला भाग कॅपकॉम या जपानी कंपनीने 1987 मध्ये आणला, हे इथल्या खेळाडूंना माहीतच नव्हते. ज्याला सगळे ‘स्ट्रीट फायटर’ म्हणत, तो 1991 चा दुसरा भाग. पहिल्यात एकट्याने खेळताना फक्त रियू हा योद्धा मिळत असे, जोडीदार आला तर त्याला केन. त्या यंत्राच्या एका आवृत्तीत बटणांऐवजी दाबाचा जोर ओळखणाऱ्या गाद्या होत्या, जितका जोरात ठोसा तितका मोठा मार. ही कल्पना मागे पडली आणि सहा बटणांची मांडणी टिकली. दुसऱ्या भागात आठ योद्धे निवडता येऊ लागले, प्रत्येकाची चाल, उंची आणि खोड निराळी, आणि त्यांत हातपाय हवे तेवढे लांबवणारा ढालसिम हा भारतीय योगीही होता. मात्र या खेळाची सर्वांत मोठी देणगी योजनेत नव्हती. मधल्या टप्प्यात मोटार फोडण्याचा एक जादा गुणांचा खेळ आहे. त्याची तपासणी चालू असताना नोरिताका फुनामिझू या निर्मात्याच्या लक्षात आले की, एक फटका पुरा होण्याआधी नेमक्या क्षणी दुसरा दाबला तर दोन्ही लागोपाठ बसतात. तो दोष होता. वेळ साधणे अवघड आहे, फारसे कोणाला जमणार नाही, असे मानून तो तसाच राहू दिला गेला. पुढे या ‘कॉम्बो’वरच मारामारीच्या खेळांची सगळी परंपरा उभी राहिली. आपल्याकडे फॅमिकॉमची नक्कल असलेल्या त्याच आठ बिटांच्या यंत्रासाठी या दुसऱ्या भागाच्या अनधिकृत नकला आल्या आणि त्यांतल्या काहींवर तर थेट ‘5’ आणि ‘6’ असे आकडे छापलेले होते. कॅपकॉमचा तिसरा भागही तेव्हा निघालेला नव्हता!

पुढच्या काळात या सुधारणेला शिस्त आली. साम्राज्य उभारण्याच्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळाच्या निर्मात्यांमध्ये एक दंडक सांगितला जातो, तो त्याचे मूळ निर्माते सिड मायर यांच्या नावावर आहे : नव्या भागात एक तृतीयांश जुने तसेच ठेवावे, एक तृतीयांश सुधारावे आणि एक तृतीयांश पूर्ण नवे आणावे. कधीकधी मात्र एवढ्याने भागत नाही. ‘रेसिडेंट इव्हिल 2’ निम्म्याहून अधिक तयार झालेला असताना, तो कंटाळवाणा वाटतो म्हणून कॅपकॉमने मोडीत काढला, पऱ्हाट्यांसकट शेत नांगरावे तसा, आणि नव्याने लिहून 1998 मध्ये बाजारात आणला. ‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड’च्या 2007 मधील पहिल्या भागात तीच ती कामे पुन्हा पुन्हा करावी लागत, 2009 च्या दुसऱ्याने ती तक्रार दूर केली, एवढे म्हटले तरी पुरे.

ग्रामीण विदर्भात दुसऱ्या लाटेचा खेळ ठरला ‘व्हाइस सिटी’. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 3’ या 2001 च्या खेळाला पुरवणी म्हणून आधी त्याची कल्पना मांडली गेली होती. वर्षभरात त्याचा स्वतंत्र खेळ झाला. शहर उभे करण्याची यंत्रणा हाती तयार असल्याने निर्मात्यांचा वेळ इतरत्र गेला : मुका नायक बोलू लागला, आधी नसलेल्या मोटारसायकली आल्या, हेलिकॉप्टर आले, मालमत्ता विकत घेता येऊ लागली. 2003 मध्ये संगणकासाठी आलेल्या आवृत्तीला 128 मेगाबाइट रॅम पुरत असे. त्यामुळे सातबारा आणि निकालाच्या प्रती छापून देणाऱ्या सायबर कॅफेतल्या जुन्या संगणकांवरही तो चालला, आणि कॅफेच्या मालकाने ‘फक्त अभ्यासासाठी’ अशी पाटी लावूनही चालला. आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी तिसरा भाग नंतर केव्हातरी पाहिला आणि त्यात दुचाकी नाही म्हणून तोच अपुरा, नक्कल केल्यासारखा वाटला.

आता दुसरा भाग ही कल्पनाच पातळ होत चालली आहे. मोबाइलवरचा ‘फ्री फायर’ फेब्रुवारी 2022 मध्ये भारतात बंद झाला, तेव्हा अधिक सफाईदार चित्रांची ‘फ्री फायर मॅक्स’ ही त्याचीच आवृत्ती आधीपासून उपलब्ध होती आणि खेडोपाडीची मुले एका दिवसात तिकडे सरकली. संगणकावरचा ‘ओव्हरवॉच 2’ हा नेमबाजीचा खेळ ऑक्टोबर 2022 मध्ये आला, तो पहिला भाग बंद करूनच. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून तुलना करण्याची सोयच उरली नाही.

ज्याला दुसरा भाग मिळाला नाही, अशा एका खेळाची नोंद इथे करावी लागेल. ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट 07’ नोव्हेंबर 2006 मध्ये आला आणि ती मालिका तिथेच थांबली. परवान्याअभावी त्यात भारतीय खेळाडूंची नावे बदललेली होती आणि आयपीएल तर 2008 मध्ये सुरू झाली. तेव्हा हौशी लोकांनी स्वतःच नावे, चेहरे, गणवेश आणि मैदाने भरून ‘पॅच’ तयार केले, नव्या हंगामासाठी नवे. आमच्या तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात तेव्हा इंटरनेटचा वेग असा होता की पॅच उतरायला रात्र लागे. सकाळी दुकानदार तो पेन ड्राइव्हमध्ये भरून द्यायचा आणि दहा रुपये घ्यायचा. त्या वर्षीचा लिलाव झाला की मुले दुसऱ्या आठवड्यापासून विचारायला येत, ‘दादा, नवीन आला का?’