राखेचा बुधवार

राखेचा बुधवार : ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतील पहिला दिवस. तो ईस्टरच्या ४६ दिवस आधी येतो. उपवासाचे दिवस मात्र येशूच्या अरण्यवासाइतकेच, ४०. मधले सहा रविवार येशूच्या पुनरुत्थानाचे, म्हणून ते उपवासात धरत नाहीत. ईस्टर चांद्रगणनेने ठरत असल्याने हा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांदरम्यान केव्हाही पडतो.

राख चुलीतली नसते. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वाद देऊन वाटलेल्या झावळ्या अनेक घरांत क्रूसामागे खोचलेल्या असतात. वर्षभरात वाळून पिवळ्या पडलेल्या त्या झावळ्या परत आणून जाळतात आणि राख चाळून घेतात. धर्मगुरू राखेत अंगठा टेकवून कपाळावर क्रूस काढतो आणि ‘तू माती आहेस आणि मातीस मिळशील’ किंवा ‘पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा’ या अर्थाचे वचन उच्चारतो. रोममध्ये राख डोक्यावर भुरभुरण्याची रीत आहे. कोविडमुळे २०२१ मध्ये व्हॅटिकनने ती सगळ्यांनाच सांगितली. गंमत म्हणजे त्याच दिवशी चर्चमध्ये वाचला जाणारा बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाचा उतारा सांगतो, की उपवास लोकांना दिसू नये म्हणून तोंड धुवा. राख पुसावी की राहू द्यावी, हा प्रश्न म्हणूनच दरवर्षी निघतो.

कॅथलिक नियमानुसार १८ ते ५९ वयाच्या व्यक्ती या दिवशी एकदाच पोटभर जेवतात. १४ वर्षांपुढील कोणी मांस खात नाही. पूर्वी अंडी, दूध, लोणीही वर्ज्य असे. ते संपवायला आदल्या मंगळवारी इंग्लंडात पॅनकेक होऊ लागले. ओल्नी गावात त्या दिवशी बायका तवा हातात धरून धावण्याची शर्यत लावतात; परंपरा तिचा आरंभ १४४५ मध्ये मानते. फ्रेंच भाषेत हाच दिवस ‘मार्दी ग्रा’, म्हणजे चरबीचा मंगळवार.

पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये राख नाही आणि बुधवारही नाही. तिथे उपवास ‘स्वच्छ सोमवारी’ सुरू होतो. आदल्या संध्याकाळी, क्षमेच्या रविवारी, धर्मगुरूसकट सगळे एकेक करून एकमेकांपुढे वाकतात आणि क्षमा मागतात. उंबरठा ओलांडण्याची ही तऱ्हा राखेपेक्षा अवघड म्हणावी लागेल, कारण समोर शेजारीच उभा असतो.

मिलानची अँब्रोझियन उपासनापद्धती कॅथलिक असूनही वेगळी. तिथे उपवासकाळ पुढच्या रविवारपासून धरतात, त्यामुळे बाकी इटली राख लावून बसली तरी मिलानचा कार्निव्हल, म्हणजे उपवासाआधीचा जल्लोष, शनिवारपर्यंत चालू असतो.