कंपनीचा माल आणि बाहेरचा माल: आफ्टरमार्केटची पार्श्वभूमी

गाडी शोरूममधून बाहेर पडल्यानंतर तिच्यासाठी जे जे विकले जाते, त्या साऱ्या बाजाराला आफ्टरमार्केट म्हणतात. ब्रेक शू, क्लच प्लेट, सीट कव्हर, ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवरचा दणदणीत साउंड, सगळे त्यात येते. आपल्याकडे मात्र गॅरेजमध्ये प्रश्न एकच: "कंपनीचं टाकू का लोकल?" लोकल म्हणजे डुप्लिकेट, हे गिऱ्हाइकाने मनाशी धरलेलेच असते.

या बाजाराला खरी गती दिली फोर्डच्या मॉडेल टीने. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर गाड्या निघाल्या. स्वस्त, पण अगदी साध्या. इंजिन थंड ठेवणारे पाणी पंपाशिवायच फिरायचे, म्हणून बाहेरचे कारखानदार पंप विकू लागले. धक्के बसायचे, म्हणून शॉक अ‍ॅबसॉर्बरही.

मराठवाड्यात ही गोष्ट १९८५ पासून धरावी. त्या वर्षी बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. सुटे भाग बनवणाऱ्या एन्ड्युरन्स कंपनीची सुरुवातही त्याच वर्षी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अ‍ॅल्युमिनियमच्या डायकास्टिंगने, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून भाग घडवण्याच्या कामाने झाली. मागोमाग व्हॅरॉक ही तशीच कंपनी आली. गाडीवर नाव एकाचे, आतले कितीतरी भाग दुसऱ्यांचे. या दोन्ही पुरवठादार कंपन्या आता स्वतःच्या नावाच्या खोक्यातही सुटे भाग विकतात. असा भाग 'कंपनीचा' म्हणायचा की 'बाहेरचा'? माझ्या मते 'लोकल' या शिक्क्याखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत: स्वतःच्या नावाने विकलेला भाग आणि दुसऱ्याचे नाव छापलेली नक्कल. डुप्लिकेट म्हणायचे ते फक्त या नकलेला. पहिल्यातही बरावाईट माल असतोच, पण तो लपूनछपून विकावा लागत नाही.

पुरवठादारांनी भाग थेट बाजारात विकण्याचा हा मुद्दा बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेला. २५ ऑगस्ट २०१४ च्या निकालात आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड केला. भाग बनवणाऱ्या पुरवठादारांना ते खुल्या बाजारात विकू न देणे, बाहेरच्या गॅरेजांना भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळू न देणे, हे आक्षेप होते. पुढे अपिले झाली. पण त्या निकालाने एक स्पष्ट केले: गिऱ्हाईक गाडी एकदा घेऊन बसले की सुट्या भागांसाठी ते अडलेलेच असते.

सगळेच बदल मात्र चालत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. झिजलेले ब्रेक शू बदलणे वेगळे आणि कर्कश सायलेन्सर लावून चौकाचौकातून फिरणे वेगळे.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत वाहनांबरोबर शेतीची अवजारेही आहेत. ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडला आणि भाग फक्त अधिकृत विक्रेत्याकडेच मिळतो असे कळले, की शेतकऱ्याचा खोळंबा किती होतो, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही.